घरून काम आणि घरचं काम : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पुण्या-बेंगळूरहून बॅगा भरून गावी आलेली बरीच मंडळी अजून परत गेलेली नाहीत. मी त्यातलाच एक. टिळकवाडीतल्या घराच्या वरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडचे ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कामाचा आणि घरचा तोल सांभाळायचा म्हणजे नक्की काय करायचं? आठ तास भरले की झालं ना?

तास मोजणं हा सोपा भाग. काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे घरातल्या बाकीच्यांना कळणं, हा अवघड भाग. आपल्याकडे घरून काम करणं काही नवीन नाही. बेळगावच्या वडगाव-शहापुरात घरात माग असायचे, अजूनही आहेत. माग चालू असला की त्याची खटखट अख्ख्या गल्लीला ऐकू येते आणि थांबला की तेही सगळ्यांना कळतं. विणकराला कुणी 'काम झालं काय?' असं विचारत नाही. लॅपटॉपला आवाज नसतो. सकाळी नऊला आपण जसे बसलेले असतो तसेच रात्री अकरालाही बसलेले. ऑफिसचा मेल वाचतोय की मॅचचा स्कोअर बघतोय, आईला कसं कळणार?

दुसरं उदाहरण निपाणीचं. तिथे बायका पिढ्यान् पिढ्या घरी विड्या वळत आल्या. मजुरी हजार विड्यांमागे, तासांवर नाही. भात चुलीवर ठेवून वळायच्या, पोराला मांडीवर घेऊन वळायच्या, रात्री दिव्याखाली वळायच्या. हजार भरेपर्यंत दिवस संपायचा नाही. 'वेळेचं बंधन नाही, टार्गेट पूर्ण करा' असं एखादी कंपनी मोठ्या उदारपणे सांगते, तेव्हा मला ती हजारी आठवते.

खालच्या बऱ्याचशा उत्तरांमध्ये खटपट एकच आहे, लॅपटॉपला मागासारखा आवाज कुठून आणायचा.

२. कामाची वेळ ठरवतो, पण पाळली जात नाही. काय करावं?

वेळ मनात ठरवली असेल तर ती पाळली जाणार नाही. ती स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहा: सुरुवात, जेवणाची सुट्टी, शेवट. दुधाचा हिशेब आणि संकष्टी जिथे बघितली जाते, तिथेच ही वेळही दिसू दे.

सुरू करण्याआधी दहा मिनिटं घराबाहेर पडून या. पेपर आणा, कोपऱ्यावरून दूध आणा, काहीही. संपल्यावर लॅपटॉप नुसता मिटू नका, चार्जर काढून कपाटात ठेवा. टेबलावर उघडा राहिलेला लॅपटॉप जेवणानंतर हमखास 'एकच मेल बघतो' म्हणायला लावतो. माझ्या घरी कपाटाच्या दाराचा करकर आवाज होतो. तो ऐकला की मुलगी खालून हाक मारते. मी मुद्दाम त्याला तेल घालत नाही.

३. आमचं घर जुनं, गल्लीतलं. वेगळी खोली नाही. कुठे बसावं?

सोपा (दारातली पुढची खोली), माजघर, स्वयंपाकघर, परसू अशी एकामागे एक लांबट रचना असेल तर सोप्यात बसू नका. येणारा-जाणारा तिथूनच जातो आणि प्रत्येकाला 'या, बसा' म्हणावं लागतं. माजघराचा एखादा कोपरा बरा, पाठ भिंतीला लागेल असा. म्हणजे कॅमेऱ्यात मागे वाळत घातलेले कपडे दिसत नाहीत. अंथरुणावर बसून काम टाळा. पाठ तर जातेच, शिवाय रात्री त्याच गादीवर पडल्यावर डोकं कामातच राहतं.

खुर्ची महाग नसली तरी चालेल, पण पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं घाला आणि साधा वेगळा कीबोर्ड घ्या. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघायचं. परसातलं नारळाचं झाड याला उत्तम.

४. 'घरातच हायस की' म्हणून सगळी कामं माझ्याच गळ्यात पडतात. नाही कसं म्हणायचं?

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. गॅसवाला आला, मामांना डॉक्टरकडे न्यायचं आहे, बँकेत पासबुक भरून आणायचं, पाहुणे स्टेशनवर उतरलेत. पुण्यात असताना यातलं एकही काम आपल्याकडे येत नव्हतं. गावी आल्यावर एकदम सगळीच आली. कुणाचा हेतू वाईट नसतो. आपल्या घरांत कामाला जाणं म्हणजे डबा घेऊन दाराबाहेर पडणं. जो पडला नाही, तो मोकळा.

एकदा क्लायंटसमोर स्क्रीन शेअर केलेली असताना आत्या दारात येऊन मोठ्याने म्हणाली, 'अरे, तांदळाचं पोतं उतरवायचंय, हात लाव.' मी हातानेच थांब म्हटलं. तिला ते तोडून बोलल्यासारखं वाटलं आणि पुढचे चार दिवस घरात अबोला. त्यातून शिकलो की आयत्या वेळी 'नाही' म्हणणं सर्वात महाग पडतं.

त्यापेक्षा आधीच वेळ देऊन टाका. 'दुपारी दीड ते अडीच मी तुमचा, सहानंतर परत तुमचा. मधे घराला आग लागली तरच.' मोठ्यांना नकार नको असतो, तारीख चालते. 'आज नाही' पेक्षा 'दीड वाजता नेतो' हे वाक्य घरात टिकतं. मात्र दीड म्हटलं की दीडला उठायचं. दोनदा चुकवलंत तर पुढे तुमच्या वेळेला कुणी विचारणार नाही.

खुणेचाही उपयोग होतो. ओढून घेतलेलं दार किंवा कानातला हेडफोन चालतो. आमच्या ओळखीतल्या एकाने दाराच्या कडीला लाल टॉवेल अडकवायला सुरुवात केली. त्याच्या आजीला मीटिंग हा शब्द कळत नाही, टॉवेल कळतो.

सून म्हणून किंवा लेक म्हणून हाच प्रश्न असेल तर एवढं पुरत नाही. पुढचं उत्तर वाचा.

५. मी घरून नोकरी करते, पण स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधं सगळं माझ्याकडेच. वेळेचं नियोजन कसं करू?

खरं सांगायचं तर नियोजनाने हे सुटत नाही. पहाटे पाचला उठा, भाज्या आदल्या रात्री चिरा, असे सल्ले देणारे बरेच आहेत. त्याने तुमचा दिवस अठरा तासांचा होतो, काम वाटलं जात नाही.

एक हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडून बघा. तुम्ही रोज सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला परत येत असता, तर दुपारच्या भाकरी कुणी थापल्या असत्या? चारला शाळेच्या रिक्षातून मुलाला कुणी उतरवून घेतलं असतं? जी उत्तरं येतील तीच वाटणी घरून काम करतानाही ठेवायची. मदत करा असं म्हणू नका. मदत आठवडाभर टिकते. 'चार वाजता मुलाला घ्यायचं काम बाबांचं' असं नावानिशी ठरलेलं जास्त टिकतं. पगारातला काही भाग स्वयंपाकाच्या बाईंसाठी जात असेल तर त्याची खंत बाळगू नका. तो नोकरी टिकवण्याचा खर्च आहे.

बाळंतपणानंतरच्यांसाठी एक गोष्ट: मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार पगारी रजा २६ आठवड्यांची झाली (आधीची दोन किंवा जास्त मुलं असतील तर १२). रजा संपल्यावर, काम तसं असेल आणि दोघांचं जुळलं, तर काही काळ घरून काम करता येतं. ते आपोआप मिळत नाही, लेखी मागा. घरून काम म्हणजे बाळ सांभाळत काम, असं मात्र गृहीत धरू नका. तान्ह्याला सांभाळायला माणूस लागतोच.

६. आमच्याकडे पाणी येतं त्या दिवशी सगळं कोलमडतं. याला काही उपाय?

हा प्रश्न पुण्यातल्या मॅनेजरला समजावून सांगणं कठीण. राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी बेळगाव शहराला येतं. काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाण्याची योजना आहे, बाकीच्या भागांत काही दिवसांआड वाट बघायची. त्यातही वॉल्व्हमन कधी सोडेल त्याचा नेम नाही. घरी जो असतो तो पाणी भरतो आणि घरी आपण असतो.

टाकीला फ्लोट आणि मोटरला आपोआप बंद होणारी सोय बसवून घ्या. हा खर्च खुर्चीच्या आधीचा. पिण्याचं पाणी भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गल्लीच्या ग्रुपवर 'पाणी आलं' पडलं की कॅलेंडरमध्ये अर्धा तास अडवा आणि टीमला सरळ सांगा. मी 'घरगुती तातडीचं काम' असं लिहायचो, तेव्हा लोक तब्येतीची चौकशी करायचे. आता 'पाणी आलंय' एवढंच लिहितो. चेन्नईच्या सहकाऱ्याला ते लगेच समजलं.

७. लाईट गेली, नेट गेलं की ते तास रात्री भरून काढावे लागतात. हे बरोबर आहे का?

सवय म्हणून, नाही. हेस्कॉमच्या (इकडची वीज कंपनी) दुरुस्तीसाठी बंद असणाऱ्या भागांची यादी बहुतेकदा आदल्या दिवशी पेपरात येते. ती सकाळच्या चहाबरोबर बघा आणि आदल्या दिवशीच कळवा. तसं कळवलं तर ते नियोजन, दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ती सबब. अचानक गेली तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि त्याच वेळी मोबाईलवरून टीमला एक ओळ टाका.

राऊटरला फार थोडी वीज लागते. त्याच्यापुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, त्यावर काही तास निघतात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर हे सगळं करूनही नेट जाईल. मलप्रभा उगम पावते तो भाग, पाऊस तसाच पडणार. तिथल्यांनी पावसाळ्यापुरतं आठवड्यातून दोन दिवस खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडे बसण्याची सोय लावून ठेवावी. छत्री धरून माळावर रेंज शोधत मीटिंग करू नका. वीज पडते.

८. ऑफिस पुण्याचं, बायकोचं ऑफिस बेंगळूरचं, मुलांची शाळा इथली. सुट्ट्या कधीच जुळत नाहीत.

वर्षाच्या सुरुवातीला तिन्ही याद्या समोर ठेवून एकाच कागदावर उतरवा. नेहमीच्या फटी ठरलेल्या आहेत. पुण्याला शिवजयंतीची सुट्टी १९ फेब्रुवारीला, तर बेळगावची शिवजयंती तिथीने, वैशाखात. तिच्या चित्ररथ मिरवणुकीला रात्रभर जागायचं असतं, तेव्हा दुसऱ्या दिवसाची रजा आत्ताच टाका. गणपती विसर्जनाचंही तेच. १ नोव्हेंबरला बेंगळूरच्या ऑफिसला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, पुण्याचं चालू. बऱ्याच कंपन्या दोन-तीन सुट्ट्या आपल्या आवडीने निवडू देतात. त्या दिवाळीला जोडून वाया घालवू नका, या फटींसाठी ठेवा.

९. अमेरिकेची शिफ्ट आहे. संध्याकाळी बसतो ते पहाटे उठतो. घरच्यांची गाठच पडत नाही.

आधी एक तांत्रिक गोष्ट, कारण यात दरवर्षी लोक गडबडतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणून घरचं वेळापत्रक वर्षातून दोनदा नव्याने लावावं लागतं.

झोपेचे तास एका दमात मिळाले पाहिजेत. सकाळी सहाला झोपलात तर एकपर्यंत कुणी उठवणार नाही हे घरात ठरवून घ्या आणि खिडकीला जाड पडदा लावा. शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही अंगात असू शकतो. रोजचं एक जेवण सगळ्यांबरोबर घ्यायचं, मग ते तुमच्यासाठी नाश्ता असो. आठवड्याच्या सुट्टीत एकदम दिवसाचं माणूस व्हायला जाऊ नका, दोन-तीन तासच सरका. घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर ही शिफ्ट फार काळ निभत नाही. वर्षभरात बदलून मागा, असंच मी सांगेन.

१०. रात्री दहालाही साहेबांचा फोन येतो. न उचलण्याचा कायदेशीर हक्क आहे का?

तसा वेगळा कायदा आपल्या देशात नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच विषयाचं खासगी विधेयक मांडलं होतं, ते कायद्यापर्यंत गेलं नाही.

तासांची मर्यादा मात्र आहे. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ही सर्वसाधारण मर्यादा आहे आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दराने मोबदला. व्यवस्थापकीय हुद्द्यावरच्यांना हा कायदा लागू नाही. ऑफिस पुण्याचं असेल तर महाराष्ट्राचा कायदा बघावा लागतो. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण आणि तास काय लिहिले आहेत ते आधी वाचा. बहुतेकांनी ते पत्र कर्जाच्या अर्जाला जोडण्यापुरतंच उघडलेलं असतं.

व्यवहारात कायद्यापेक्षा सवय चालते. दहाचा फोन एकदा उचललात की दहा ही तुमची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आपणहून फोन करा, 'सर, काल जेवायला बसलो होतो, बोला.' चार-सहा वेळा असं झालं की माणसं सुधारतात. खरोखर तातडीचं असेल तर काय करायचं, हे मात्र आधी ठरवून ठेवा: दोनदा लागोपाठ फोन आला तर उचलणार.

११. जास्त काम केल्याने खरंच तब्येतीवर परिणाम होतो का, की नुसती भीती घालतात?

होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. घरून काम करताना ५५ तास कधी होतात ते कळतही नाही. एक आठवडा खरे तास लिहून बघा.

झोप उडणं, बारीकसारीक गोष्टीवरून मुलांवर खेकसणं, रविवारी दुपारपासूनच छातीत धडधड, हे दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरांकडे जा. बोलायला कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. शेजारी-पाजारी कळेल या धास्तीने बरेच जण जात नाहीत. फोनवर ती भीती नाही.

१२. मित्र सगळे पुण्यात राहिले. इथे दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही.

घर भरलेलं असूनही एकटं वाटू शकतं, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. सकाळी टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला जा. रोज त्याच वेळी गेलात तर महिन्याभरात ओळखी होतात, त्यातले निम्मे घरूनच काम करणारे निघतील. रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून या. गावाकडचे असाल तर तालीम, वाचनालय, भजनी मंडळ, जे असेल ते धरा. मात्र तिथे वर्गणी गोळा करण्यापासून मंडप घालण्यापर्यंत सगळं अंगावर येणार, कारण... चौथा प्रश्न बघा.

१३. महिन्यातून एकदा ऑफिसला बोलावतात. जाण्या-येण्यातच दोन दिवस जातात.

ते दोन दिवस तुमच्या सुट्टीतून देऊ नका. बेंगळूरला रात्रीची रेल्वे आहे. पुण्याकडे २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावला थांबते, शिवाय महामार्गाने रात्रीच्या बसेस आहेतच. रात्रभर प्रवास करून थेट नऊच्या मीटिंगला बसणं तिशीत जमतं, पुढे नाही. रविवारी रात्री निघण्याऐवजी सोमवारी दुपारची मीटिंग मागून घ्या.

१४. घरून काम सुरू केल्यापासून गृहज्योतीचं (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) शून्य बिल गेलं. असं का?

गृहज्योतीत तुमची मोफत युनिटं २०२२-२३ च्या महिन्याच्या सरासरी वापरावर सर्वसाधारणपणे १० टक्के जादा धरून ठरली आहेत. सरासरी ९० असेल तर ९९ पर्यंत मोफत, वरच्याचे पैसे. एकूण वापर २०० च्या वर गेला तर पूर्ण बिल. लॅपटॉप (५० वॅट) आणि पंखा (७५ वॅट) नऊ तास, महिन्याचे २५ दिवस चालला तर सुमारे २८ युनिटं वाढतात. खिडकीजवळ बसा आणि कमी विजेचा पंखा घ्या. बिलावरून घरात कुरबुर असेल तर वाढीव रक्कम तुम्हीच भरा. हक्काने खोली वापरायला ते बरं पडतं.

१५. घरचं शेत आहे. हंगामात शेत बघू की काम?

रोपलावणीच्या दिवसांत खानापूर-बेळगाव पट्ट्यात सकाळी सहा ते नऊ शेतात आणि मग लॅपटॉप, असं बरेच जण करतात. आठ-दहा दिवसांपुरतं ते ठीक. महिनाभर केलंत तर दोन्हीकडे चुका होतात. माणसं लावण्याचं, पैसे देण्याचं, खतं आणण्याचं काम तुम्ही घ्या आणि चिखलातलं दुसऱ्याला द्या, किंवा सरळ उलटं करून अर्जित रजा टाका. निपाणी-चिकोडीकडच्या ऊसवाल्यांची गोष्ट वेगळी. तोडणीची टोळी कधी येईल ते आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागेपर्यंत फोन थांबत नाहीत. हंगाम सुरू होण्याआधीच मॅनेजरला सांगून दोन दिवसांची रजा राखून ठेवा, तारीख नंतर कळवतो म्हणून.